जाळीमागचा पंखा

काटा: मधल्या रेघेच्या जरा वर

"सारखी त्या काट्याकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ की."

धैर्यशील हसत म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं, मग पुन्हा काट्याकडे. काटा मधली रेघ सोडून वर सरकला होता. नखाएवढाच.

"गाडी तापतेय," मी म्हणाले.

"चढ आहे. तापणारच."

समोर पवनचक्कीचं एक पातं चाललं होतं. एकच, पण ते अख्ख्या ट्रेलरवर मावत नव्हतं. मागचं टोक बाहेर लोंबत होतं आणि त्याला लाल फडकं बांधलं होतं. ट्रेलरच्या दोन्ही अंगांनी माणसं चालत होती. वळण आलं की ओरडत होती, "डावीकडं घे, अजून घे, बास बास!" वाघजाईचा घाट आम्ही त्या पात्याच्या मागून, चालत्या माणसाच्या वेगाने चढत होतो. डोक्यावर कडक ऊन.

(शैलजा वहिनींचं, धैर्यशीलच्या थोरल्या भावाच्या बायकोचं, म्हणणं, त्या दिवशी ऊन नव्हतं, आभाळ होतं. वहिनी घरच्यांबरोबर मागच्या जीपमध्ये होत्या. जीपच्या काचा काळ्या होत्या. ऊन होतं.)

आमचा साखरपुडा झाला होता, कार्यालय ठरलं होतं, पत्रिका छापून आल्या होत्या. त्यांच्या घरची रीत अशी की पहिली पत्रिका डोंगरावरच्या वाघजाईपुढे ठेवायची, आणि ठेवताना मुलगा-मुलगी दोघंही हवीत. एकदा ठेवली की लग्न मोडत नाही. त्या घरात कधी मोडलेलं नाही. सकाळी निघताना त्याच्या आईने, आईसाहेबांनी, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हसून म्हणाल्या, "वर पोचलं की माघार नाही हं पोरी. काय ते आत्ताच बोल." सगळे हसले. मीही हसले.

म्हणजे नाही म्हणायला माझ्या हातात तेवढा घाट होता. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

गाडी लाल, बुटकी, दोन दारांची आणि दोनच माणसांची. मुंबईहून तिसऱ्या मालकाकडून आणलेली जुनी स्पोर्ट्स कार. दिवे लावले की डोळे उघडावेत तशी तिची झाकणं वर यायची. तिच्यामुळेच तर हे स्थळ आलं. कराडला कोल्हापूर नाक्याजवळ आप्पांचं, माझ्या वडिलांचं, गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान. दिवाळीच्या आधी ही गाडी तिथे आली होती. रेडिएटरचा पंखा जळला होता आणि मूळचा मिळत नव्हता. आप्पांनी दुसऱ्या गाडीचा पंखा आणून रेडिएटरच्या पुढे, तोंडावरच्या जाळीमागे बसवला. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, पण संध्याकाळी दुकानात असायचे. टेस्ट लॅम्प धरून मीच उभी होते. धैर्यशील आप्पांना म्हणाला होता, "मुलीला यातलं कळतं?" आप्पा म्हणाले होते, "माझ्यापेक्षा बरं."

काटा अजून वर गेला.

"हीटर लावा," मी म्हणाले.

"काय?"

"हीटर. इंजिनातली उष्णता थोडी आत येते. तेवढीच तिकडे कमी."

"या उन्हात हीटर! तुझ्या वर्गातली पोरं खिडकीतून पळून जात असतील." पण त्याने लावला. पायांवर, मांड्यांवर भट्टीची हवा येऊ लागली. माझ्या कपाळावरचं कुंकू नाकावर उतरलं. त्याने रुमाल दिला. हळूच, प्रेमाने दिला. हेही सांगायला हवं.

काटा थबकला. मग पुन्हा निघाला.

"पंख्याचा आवाज येत नाहीये. थांबू या का? थोडा वेळ बंद करून—"

"मी घाटात थांबत नाही."

"पण—"

"पळाली की गार होते ती. मला माहितेय."

"म्हणजे आधीही तापली होती?"

त्याची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती. पहिल्यांदा सावकाश. मग मात्र सावकाश नाही.

•

हे मला नीट आठवत नाही. तुकडे आहेत.

गिअर मागे पडल्याचा धक्का.

पात्याचं टोक माझ्या खिडकीच्या बाजूला, हात लावता येईल इतकं जवळ. पांढरं. फार गुळगुळीत.

ट्रेलरच्या बाजूने चालणारा एक माणूस. त्याचं उघडं तोंड. तो दरीच्या बाजूच्या कठड्याला चिकटला.

वळण. पलीकडचं काही दिसत नाही.

वरून येणारी एसटी. तिचा हॉर्न.

माझा आवाज. मी काय ओरडले ते नाही, फक्त आवाज.

आणि मग समोर मोकळा रस्ता. धैर्यशील हसतोय.

(वहिनी म्हणतात, "आम्हाला मागून सगळं दिसलं. आईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. आधीच मिटून घेतले.")

•

काटा: खाली

"बघ," तो म्हणाला. "काही झालेलं नाही हिला. फक्त थांबवायची नाही."

खरंच उतरला होता काटा. रस्ता जरा सपाट होता, गाडी पळत होती, समोरचा वारा जाळीतून आत जात होता. माझं डोकं आपलं काम करत होतं, वर्गात करायचं तसं. पळताना गार, थांबलं की गरम. म्हणजे पाणी ठीक. पंप ठीक. पळताना वारा जे काम करतो ते उभ्या गाडीत पंख्याने करायचं असतं. पंखा करत नाहीये.

"पंखा बंद आहे," मी म्हणाले.

"पंखा तुझ्या वडिलांनी बसवलाय."

"हो. म्हणूनच म्हणते, बघायला पाहिजे."

"बघू की. वर पोचल्यावर."

पण पुढे घाट पुन्हा उभा झाला. वळणामागे वळण, सगळी पहिल्या गिअरची. काटा लाल पट्ट्यात शिरला, मग पट्टा ओलांडून गेला. बॉनेटच्या फटींतून वाफ आली. गोडसर, करपट वास. धैर्यशीलने गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि बंद केली.

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला नाही. त्याचा आवाज खाली गेला, इतका खाली की मला त्याच्याकडे झुकावं लागलं.

"उतर," तो म्हणाला.

•

मी रस्त्यावर उभी. तो माझ्या शेजारी. बॉनेट उघडं. आत पाणी खदखदतंय. मागे, पुढे कोणी नाही. पात्याचा ट्रेलर खाली कुठेतरी, जीप त्याच्याही मागे.

"झाकण उघड रेडिएटरचं. पाणी घालू."

"आत्ता नाही. उकळतंय, अंगावर येईल."

"टॉवेल घे."

"टॉवेलने भागत नाही. दाबाखाली असतं ते."

"तुला कळतं ना यातलं?" त्याने टॉवेल माझ्या हातात ठेवला. माझी मूठ त्यावर मिटवली आणि वरून आपला हात ठेवला. "मग उघड."

"हात भाजेल माझा."

"मी आहे की."

मी हलले नाही. त्याचा हात माझ्या मुठीवरच होता. घट्ट नव्हता. नुसता होता.

"बरं, नको," तो एकदम म्हणाला आणि हसला. "घाबरतेस किती! उद्या चहा करताना काय करशील?"

मीही हसले. मग मला माझ्या हसण्याचीच भीती वाटली.

•

आप्पांची एक पद्धत होती. आधी बघायचं, मग ऐकायचं, मग हात लावायचा. आणि पंख्यात हात घालायचा तर चावी आपल्या खिशात, नाहीतर फ्यूज आपल्या मुठीत. विजेवरचा पंखा गाडी बंद असली तरी कधीही फिरू शकतो. दुकानातल्या एका कारागिराची दोन बोटं अशीच गेली होती.

बघितलं. फ्यूज उडाला होता.

"म्हणजे वायरिंग," धैर्यशील म्हणाला. "तुझ्या बापाचं."

वडिलांचा बाप झाला होता.

"दुसरा टाकून ऐकू या. चावी फिरवा, इंजिन नको, फक्त चावी."

त्याने फिरवली. जाळीमागून 'हंऽ' असा दबलेला आवाज आला, दार बाहेरून कोणीतरी धरलं असताना आतून ढकलावं तसा. पातं हललं नाही. टक. फ्यूज गेला.

"बघितलंस? वायरिंगच."

"नाही. करंट येतोय. मोटर जोर लावतेय. पंखा कशाला तरी अडकलाय."

"म्हणजे बापाचं चुकलं नाही."

"नाही."

"बापाचं कधीच चुकत नाही." तो दाराशी गेला, एक पाय आत ठेवून सीटवर बसला. "टाक अजून एक फ्यूज. आणि बघ काय अडकलंय ते."

मी डॅशबोर्डखाली वाकले. उडालेला फ्यूज काढला. नवा टाकला नाही. खाच रिकामी ठेवून झाकण लावलं आणि उडालेला फ्यूज मुठीत घेऊन उभी राहिले.

"चावी द्या माझ्याकडे."

"कशाला?"

"हात घालायचाय. पद्धत आहे आमची."

"विश्वास नाही का माझ्यावर?" चावी तिच्या जागीच होती आणि त्याची दोन बोटं तिच्यावर. "एवढ्या छोट्या गोष्टीत विश्वास नाही, तर लग्न कशाला करतेस? घाल हात. मी कुठे चालू करतोय."

आजूबाजूला करवीची वाळकी झुडपं. वारा नाही. रस्ता खाली वळणाआड जाईपर्यंत रिकामा.

मी डाव्या हाताने बॉनेट धरलं. उजवा हात वरून, जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत घातला. रेडिएटरची धग मनगटाला लागत होती. बोटं पात्यापर्यंत पोचली. पातं ढकललं. हललं नाही. बोटं कडेने फिरवली. पंख्याभोवतीची पत्र्याची चौकट आत दबली होती आणि पात्याचं टोक तिच्यात रुतलं होतं. कशाने दबली? मी जाळीच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला. पत्र्याला आत आलेले फुगवटे होते. लांबट, अरुंद. एक. त्याच्या खाली दुसरा. त्याच्या खाली—

टक.

चावी फिरली.

मी हात ओढला. जाळीच्या धारेवर मनगट खरवडलं गेलं. मी रस्त्यावर खाली बसले होते, हात छातीशी.

धैर्यशील गाडीत मागे रेलून हसत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "गंमत केली ग! तुझा चेहरा बघायला हवा होतास."

पंखा फिरला नव्हता. खाचेत फ्यूजच नव्हता.

पण हे त्याला माहीत नव्हतं. खाचेत फ्यूज आहे असं समजूनच त्याने चावी फिरवली होती. आणि पंखा अडकलेला आहे हे त्याला ठाऊक होतं म्हणावं, तर माझा हात तो सोडवायलाच आत गेला होता, हेही ठाऊक होतं.

(वहिनी इथे मला थांबवतात. "ते मला तू त्या दिवशी सांगितलं नव्हतंस." नव्हतं सांगितलं.)

•

मी उठले. गाडीच्या पुढे आले आणि जाळी समोरून बघितली. सकाळी बघितली होती तेव्हा चकचकीत वाटली होती. आता कळलं, जाळीला ताजा काळा रंग होता आणि बाकी गाडीला जुना. रंगाखाली पत्र्यात घळी पडल्या होत्या. ओळीने. एकाखाली एक. बंपरला ओरखडाही नव्हता. दिवे शाबूत होते. गाडी कशाला धडकली नव्हती. कोणीतरी समोर उभं राहून, काहीतरी लांब आणि जड हातात घेऊन, तिच्या तोंडावर मारलं होतं. थांबून थांबून नाही. न थांबता.

"काय निघालं?" तो उतरून माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"चौकट दबलीय."

"कशाने?"

माझ्याकडे उत्तरं होती.

गाडी ट्रॉलीवर चढवताना लागलं असेल.

म्हैस आडवी आली असेल.

माहीत नाही.

मला माहीत आहे आणि तुम्हालाही

"बघावं लागेल," मी म्हणाले.

त्याने माझं खरवडलेलं मनगट हातात घेतलं, बघितलं, फुंकर घातली.

"लागलं का ग?"

•

ट्रेलरला कशीबशी ओलांडून जीप आली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं, इतकी माणसं बघून बरं वाटलं. थोरले भाऊ चालवत होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. शेजारी आईसाहेब, मागे शैलजा वहिनी, दादांची बायको.

"काय झालं रे बाळ?" आईसाहेबांनी काच खाली करून विचारलं. त्या गाडीकडे बघत नव्हत्या, धैर्यशीलच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"काही नाही. पंखा."

"विकून टाक म्हणतोय मी ही भंगार," दादा उतरता उतरता म्हणाले, मग त्यांनीही त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "म्हणजे, गाडी झकासच आहे. जुनी झाली एवढंच."

वहिनी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. माझं मनगट बघितलं आणि पदर त्यावर ओढून घेतला, कोणाला दिसू नये तसा.

"चौकट बाहेर ओढली की पंखा सुटेल," मी म्हणाले. "काहीतरी लांब पाहिजे. सळईसारखं."

"आहे की." धैर्यशील डिकीकडे गेला. जॅकचा लोखंडी दांडा घेऊन आला.

आणि ते सगळे मागे सरले.

कसं सांगू? बसने वळण घेतलं की सगळे प्रवासी एकदम एका बाजूला झुकतात, कोणी ठरवून झुकत नाही, तसं. आईसाहेब दोन पावलं मागे, पाठ जीपला टेकेपर्यंत. दादा जीपच्या उघड्या दाराच्या पलीकडे. वहिनींनी माझं कोपर धरून मला आपल्याबरोबर मागे घेतलं. कोणाचं बोलणं थांबलं नाही. दादा अजून रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल सांगत होते. आपण मागे सरलो हे त्यांना कळलंही नसावं.

धैर्यशीलने दांडा जाळीत घातला. तो शोधावा लागला नाही. घळीत अलगद बसला, आपल्या जागेवर ठेवलेल्या वस्तूसारखा. त्याने जोर लावला. पत्रा करकरला. चौकट बाहेर आली.

मी फ्यूज टाकला. या वेळी खरंच टाकला. चावी फिरवली आणि पंखा सुरू झाला. वारा जाळीतून रेडिएटरवर जाऊ लागला, घोंघावत.

"वाघजाई पावली!" आईसाहेबांनी डोंगराकडे बघून हात जोडले. दादांनी शिट्टी मारली. धैर्यशीलने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. दांडा दुसऱ्या हातात होता.

"बघितलंत? माझी इंजिनियर! मुलीबरोबर गॅरेज फुकट."

सगळे हसले. फार हसले.

"पण निलू, सांग की सगळ्यांना," तो म्हणाला. "झालं काय होतं? सासरेबुवांचं काम कच्चं होतं का?"

पंखा फिरत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की कच्चं होतं. आप्पांनी मला माफ केलं असतं.

"आप्पांचं काम पक्कं होतं. बाहेरून मार बसलाय. जाळीवर."

हसणं थांबलं. एकदम नाही. दादांचं जरा उशिरा थांबलं.

"मार?" धैर्यशीलने वाकून जाळी बघितली, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. "हां. दगड उडाला असणार. पुढे डंपर असतात."

"दगडच," दादा म्हणाले. "माझी काच नाही का गेली मागे? दगडानंच."

"दगडच ग बाई," आईसाहेब म्हणाल्या. "या रस्त्याला काय कमी दगड आहेत?"

"वहिनी?" धैर्यशीलने विचारलं.

वहिनी आपल्या चपलांकडे बघत होत्या. "दगड," त्या म्हणाल्या. किती सफाईने म्हणाल्या. गुळगुळीत झालेला शब्द होता तो त्यांच्या तोंडात.

(इथे वहिनी काही म्हणत नाहीत.)

"आता तू," धैर्यशील माझ्याकडे वळला. आवाज खाली गेला. "दगडच ना?"

चौघंही माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. वाट बघत होते. आईसाहेबांचे ओठ किंचित हलले, मुलाने पाठांतर विसरू नये म्हणून आईने पुटपुटावं तसे. एक शब्द. तो म्हटला की मी त्यांच्यातली होणार होते. मग वर जायचं, पत्रिका ठेवायची, आणि पुढे जे जे मोडेल, जाळी, काच, दार, त्याला त्याला मी दगड म्हणणार होते. हाडालाही.

मी जाळीकडे बोट केलं.

"नाही," मी म्हणाले. "दगड एकाच ठिकाणी ओळीने लागत नाही. हा दांडा त्या घळीत कसा बसला, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंत."

इंजिन गार झालं होतं. पंखा आपोआप थांबला. घाट एकदम शांत झाला.

"गाडीत बस," धैर्यशील म्हणाला. जेमतेम ऐकू आलं.

"नाही."

"बस ग बाळा," आईसाहेब घाईघाईने म्हणाल्या. "एवढं काय त्यात! वर देवीला पोचलं की शांत होतो तो. त्याच्या मनात काही नसतं."

दादांनी दरीकडे तोंड फिरवलं.

•

पहिला घाव बॉनेटवर.

दुसरा मी बघितला नाही. मी वळले होते आणि उतारावर चालू लागले होते. पळाले नाही. कुत्र्यासमोर पळू नये म्हणतात.

तिसरा.

काच फुटल्याचा आवाज.

"बाळ, अरे बाळ—"

पत्र्यावर. पत्र्यावर. पत्र्यावर. नंतर पातळ, कडकडीत काहीतरी तुटलं. पंख्याचं पातं. तो आवाज मला दुकानातून ओळखीचा होता.

मी चालत राहिले. डांबर तापलं होतं. पायात पैठणीच्या काठाला साजेशा नव्या चपला होत्या आणि त्या चावत होत्या.

मग आवाज थांबला.

घाव पडत होते तोवर तो कुठे आहे हे मला कळत होतं. आता कळेना.

पावलं. माझ्या मागून, उतारावरून. एकाच माणसाची. वेगात येणारी. मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय जागीच थिजले असते. मान आत ओढली गेली, खांदे वर आले. डोक्याच्या मागची जागा, केसांचा अंबाडा संपतो तिथली, गार पडली. पावलं जवळ आली. धाप ऐकू आली. मी डोळे मिटले आणि मिटूनच चालत राहिले.

कोणीतरी माझ्या बाजूने पुढे गेलं.

शैलजा वहिनी. हातात चपला, पाय अनवाणी. माझ्याकडे न बघता, माझ्यापेक्षा भरभर चालत होत्या.

"मागं बघू नको," त्या म्हणाल्या. "खाली फाट्यावर पाटणची एसटी येते. हात करावा लागतो, नाहीतर थांबत नाही मेली."

मी त्यांना गाठलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मागं एकदा निघाले होते. लग्न होऊन वर्ष झालं असेल."

"मग?"

"त्या पुढच्या वळणापर्यंत आले. मग हे आले जीप घेऊन."

हे म्हणजे दादा. दरीकडे तोंड फिरवणारे. पुढचं वळण आलं. वळणावर वहिनींची चाल जरा मंदावली, अंगणात कधी साप निघालेल्या जागेपाशी मंदावते तशी. मी त्यांचा हात धरला. वळण मागे पडलं.

तेवढ्यात वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. जीपचा नव्हता. सायलेन्सरच्या पुंगळीतून येणारा फाटका, गुरगुरणारा आवाज. दिवाळीपासून माझ्या ओळखीचा.

वहिनींच्या हाताला घाम फुटला होता.

"तापते ना ती गाडी?" त्यांनी विचारलं. "पंखा तर मोडला त्यानं. मी बघितलं. तुकडे पडले खाली."

"हो."

"मग नाही ना चालायची?"

मी वर बघितलं. खाली बघितलं. घाट पायथ्यापर्यंत सगळा उतरत गेलेला.

"उताराला चालेल," मी म्हणाले. "उताराला पंखा लागत नाही."

वहिनींनी हातातल्या चपला झुडपात फेकल्या. निऱ्या वर खोचल्या.

"मग पळ."